मेश्राम मॅडमचं घर आणि माझे तीस टक्के

मेश्राम मॅडम गेल्याचं शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी हात जोडले नाहीत. पंधरा दिवसांनी शोकसभेत जो तो त्यांच्या काटकसरीचं कौतुक करत होता... एकटी बाई, पदरात म्हातारी आई, तरी स्वतःचं घर केलं. मी गप्प बसलो. गप्प बसायची मला जुनी सवय आहे. ती आज मोडतो.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. त्या मराठी, मी गणित. स्टाफरूममध्ये कुणाला पहिलं घर घ्यायचं असलं की कागद माझ्यापुढे यायचा. माझं उत्तर ठरलेलं : किमतीचे तीस टक्के हातात हवेत, वर सहा महिन्यांचे हप्ते बाजूला, त्याशिवाय बँकेची पायरी चढू नये. मॅडम तेव्हा चार वर्षांत तिसरं भाड्याचं घर शोधत होत्या. घरमालक हौसेनं खोल्या दाखवायचे, नळाची वेळ सांगायचे, चहाही द्यायचे. मग आडनाव विचारायचे. मेश्राम म्हटलं की त्यांना एकदम आठवायचं, अरे, ही जागा तर पुतण्याला द्यायची आहे. मॅडम हे नकला करून सांगायच्या आणि आम्ही हसायचो. त्यांच्या आजोबांनी छप्पन साली ज्या शहरात दीक्षा घेतली, त्याच शहरात बसून हसायचो.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी सरळ विचारलं, "सर, तुमचा वरचा मजला रिकामा झाला म्हणतात?" मी म्हणालो, रंगकाम चालू आहे. रंगकाम नव्हतं. वडील नको म्हणतील असं मी मनाशी म्हटलं. वडिलांना विचारलंसुद्धा नाही. मॅडम म्हणाल्या, बरं, स्वतःचंच घ्यायचं तर किती जमवावं लागेल? मला सुटल्यासारखं झालं. मी कागद ओढला आणि तीस टक्क्यांचा हिशेब मांडून दिला. दहा वर्षं थांबा, असं उत्तर निघालं.

त्यांनी कागद शांतपणे वाचला. "थांबाले हरकत नाही सर. थांबू कुठी, तेवढं लिहून द्या."

त्या थांबल्या नाहीत. पीएफमधून पैसे उचलले, आईच्या पाटल्या मोडल्या, आणि माझ्या हिशेबाच्या निम्मेही हातात नसताना कर्ज काढून शहराच्या कडेला, बेसाकडे दोन खोल्या घेतल्या. फरशी नाही, आतल्या दाराला साडीचा पडदा. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, मॅडम बुडणार. खरं सांगायचं तर, त्या बुडाव्यात असंच वाटत होतं. माझा कागद तरी खरा ठरला असता. गृहप्रवेशाला बुद्धवंदना झाली, खीर झाली. वाटी माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "काहून सर, झालं का रंगकाम?" मी खीर छान झाल्याचं सांगितलं.

त्यानंतर बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबे खाल्ले. त्यांनी विषय काढला नाही, मी माफी मागितली नाही. हप्ते मुदतीआधी फिटले, फरशी आली, वर एक खोली चढली. दवाखान्यात भेटायला गेलो तो बोलायचं ठरवूनच... आणि नव्या गोळ्यांची चौकशी करून परतलो.

म्हणून आता सांगतो. मेश्राम मॅडम काटकसरी नव्हत्या. नवा सिनेमा सोडायच्या नाहीत, दर पगाराला सीताबर्डीहून नवी चप्पल आणायच्या. त्यांनी घर हट्टानं केलं, आणि तो हट्ट धरायला भाग पाडणाऱ्यांत मी होतो. पहिल्या घरासाठी किती जमवावं, असं लोक अजूनही विचारतात. मी आधी उलट विचारतो, तेवढे जमेपर्यंत तुम्हाला कुणी राहू देणार आहे का? नसेल, तर माझे तीस टक्के तुमच्यासाठी नाहीत. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे, त्याच्या सोयीचं ते गणित आहे. कुणाला हे बोलणं स्मृतिलेखात शोभत नाही असं वाटलं, तर वाटू दे.

गेल्या रविवारी त्यांच्या घरी गेलो. तिथे आता भाची राहते. फाटकाच्या मानानं नावाची पाटी फारच मोठी आहे, आणि त्यावर एकच शब्द : मेश्राम. भाची स्टुलावर उभी राहून अक्षरांना निळा रंग देत होती. वरची खोली भाड्यानं द्यायची आहे, म्हणाली. मी विचारलं, कुणी आलं का बघायला?

"दलाल सांगून राहिला का पाटी काढा, खोली लवकर जाईन," ती ब्रश न थांबवता म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे मंग रिकामी."