सासूची पेटी

हंबीररावांच्या द्राक्षबागेत बनाबाई मुकादम झाली आणि पहिल्याच सकाळी तिची जीभ अडकली. कामाला ती भ्याली नव्हती. घड कसा खुडायचा, कसा धरायचा, पेटीत कसा निजवायचा, हे तिच्या हाताला पाठ होतं. घोडं अडलं ते हजेरीवर.

मुकादमानं रोज सकाळी एकेका बाईचं नाव घ्यायचं, तिनं 'हाय' म्हणायचं आणि कामाला लागायचं. आता यात अडायचं काय? पण त्या नावांत एक नाव राहीबाईचं होतं आणि राहीबाई ही बनाची सख्खी सासू. त्या काळी तासगावकडच्या वस्त्यांवर सून सासूचं नाव झोपेतसुद्धा घेत नसे. लग्न होऊन आल्यापासून 'आत्याबाई' यापलीकडं दुसरी हाक बनाच्या तोंडून निघाली नव्हती.

"अंबूबाई!"

"हाय."

"मनुबाई!"

"हाय."

असं करत करत शेवटचं नाव आलं. बनानं डोईवरचा पदर आणखी पुढं ओढला, पायाच्या अंगठ्यानं थोडी माती उकरली आणि म्हणाली, "बरं, चला आता. ऊन वर याय लागलंय."

बायका खुसखुसल्या. अंबूबाईला तर असं काही मिळालं की दिवसभर पुरायचं. "मुकादमीण, एक बाई ऱ्हायली की गं! नवऱ्याचं नाव असतं तर उखाण्यात तरी घेतलं असतंस!" सगळी बाग हसली. राहीबाई तेवढी हसली नाही. तिनं पाटी उचलली आणि कुणाकडं न बघता वेलींच्या मांडवाखाली निघून गेली.

बनाला वाटलं, झालं, आता घरात चूल पेटायची नाही.

खरं सांगायचं तर हे मुकादमपण बनानं मागितलं नव्हतं. जुना मुकादम हरिबा साखर कारखान्यात कायम झाला आणि जागा रिकामी पडली. ती राहीबाईलाच मिळणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. वयानं थोरली, बागेतली पहिली काडी रोवताना हजर असलेली बाई. पण हंबीररावांची फटफटी त्या दिवशी मांडवापाशी थांबली आणि त्यांनी बनाकडं बोट केलं. "लेकुरवाळ्या बायांस्नी सावलीकडच्या ओळी कुणी वाटून दिल्या? हिनंच न्हवं? हरिबा हुता तवा त्या सारख्या झोळीकडं पळायच्या. आता काम बी हुतंय आन पोरं बी रडत न्हाईत. हीच बघंल इथनं फुडं." एवढं बोलून ते निघूनही गेले. मालक लोकांचं असं असतं. एक वाक्य टाकून जातात, मागं राहणाऱ्यांनी ते निस्तरायचं.

घरात या दोघीच. बनाचा नवरा जालिंदर लष्करात, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. एरवी राहीबाईचं तोंड म्हणजे चालू गिरणी. भाकरी खाता खाता ती अख्ख्या वस्तीचा पंचनामा करायची. पण त्या हजेरीपासून गिरणी बंद. "आत्याबाई, कोरड्यास वाढू?" म्हटलं तर "वाढ." "मीठ बरं हाय?" तर "हाय." भांडली असती तर बनाला हलकं वाटलं असतं. सासूच्या मनात जागा डाचतेय, अशी तिनं आपली समजूत करून घेतली आणि ती मनातल्या मनात रोज थोडी थोडी वाळत गेली.

बागेत मात्र तिनं जीव लावला. सुरुवातीला तिला वाटलं, मुकादम म्हटलं की हरिबासारखं ओरडायला पाहिजे. म्हणून एका सकाळी कमरेवर हात ठेवून तिनं "एऽ, हात चालवा!" अशी आरोळी ठोकली. आवाज मधेच असा फाटला की बायका पाट्या खाली ठेवून पोट धरून हसल्या आणि शेवटी बनालाही हसू आवरेना. ओरडायचं तिनं त्या दिवसापासून सोडून दिलं. तिनं जोड्या लावल्या. जिचा हात चपळ तिच्याशेजारी जिची नजर बारीक ती बसवली. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा होत्या, त्यांना समोरासमोर बसवलं; दुपारपर्यंत त्या एकीच्या डब्यातलं दुसरी खायला लागल्या. काम असं सुटलं की ट्रकवाल्याला बिडी ओढायला सवड मिळेना. संध्याकाळी पेट्यांची थप्पी बघताना बनाला मनापासून आनंद व्हायचा. आपल्याला हे जमतंय, हे तिला नवंच होतं.

आणि मग मुंबईहून व्यापाऱ्याचा निरोप आला. म्हणजे ट्रंककॉल आला. हंबीरराव तासगावच्या पोस्टात जाऊन तो घेऊन आले आणि आल्या आल्या मांडवाखाली उभे राहून म्हणाले, "बना, काही पेट्यांतनं रस गळतोय. झाकणाखालचा घड चेंगरतोय. एक मणी फुटला तर अख्खी पेटी नासती. पुन्यांदा आसं झालं तर व्यापारी आपला माल घ्यायचा न्हाई. आन मग मला बी दुसरा मुकादम बघाय लागंल."

कुणाच्या पेट्या ते बनाला बघावंही लागलं नाही. राहीबाईच्या.

राहीबाई कामचुकार नव्हती, उलट तिचा हात फार मोठा. जन्मभर ज्वारीचं माप भरलेली बाई ती. शेजारणीला उसनं दिलं तरी मापावर शीग लावून द्यायची. सपाट माप देणं तिला दरिद्रीपणाचं वाटायचं. तीच रीत तिनं द्राक्षाच्या पेटीला लावली होती. पेटी काठापर्यंत भरली की वर आणखी एक घड, देखणा बघून, मायेनं ठेवायचा. मग पेट्या बंद करणारा यल्लाप्पा झाकण ठेवून खिळे ठोकायचा आणि त्या मायेचा रस व्हायचा.

हे सासूला सांगायचं कसं? 'आत्याबाई, तुमचं चुकतंय' हे वाक्य बनानं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. त्यात ती आधीच रुसलेली. म्हणून बनानं सोपा मार्ग काढला. राहीबाई पाणी प्यायला उठली की बना तिच्या भरलेल्या पेट्यांपाशी जायची, वरचा घड अलगद काढायची आणि दुसऱ्या पेटीत लावायची. यल्लाप्पाला ते दिसायचं. हातोडी हातात धरून तो मिशीत हसायचा, पण बोलायचा नाही. रस गळायचा थांबला. हंबीरराव खूश झाले. बनाला वाटलं, सापही मेला आणि काठीही वाचली.

वाचली कुठली! एके दिवशी मोठा माल निघाला होता. ट्रक रस्त्याला लागून उभा, दिवस मावळायच्या आत भरून निघायला हवा. सकाळीच बनानं अंबूबाईची एक पेटी सगळ्यांसमोर उपसायला लावली होती, तळाला ओला पाला राहिला होता म्हणून. अंबूबाईनं तोंड वाकडं करून पण मुकाट्यानं ती परत भरली. आणि दुपारी त्याच अंबूबाईनं बनाला सासूच्या पेटीतून घड काढताना पकडलं.

"व्हय गं मुकादमीण!" ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमची पेटी चारचौघांत उपसायची आन सासूची चोरून दुरुस्त करायची? आमी काय वाटंवर पडलोय?" तिनं पाटी खाली आपटली. मनुबाईनं ठेवली. त्या दोन जावा, ज्यांची बनानं दिलजमाई केली होती, त्यांनीही जोडीनं ठेवल्या. बघता बघता सगळ्या बायका मांडवाखाली मांडी घालून बसल्या. ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. अंबूबाईचं खरं होतं, आणि ते खरं आहे हे बनाला आतून ठाऊक होतं.

तेवढ्यात पदरानं तोंड पुशीत राहीबाई पाणी पिऊन आली. सगळ्या बसलेल्या बघून थबकली. "काय झालं गं? बसलासा का सगळ्या?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. यल्लाप्पासुद्धा खिळ्यांच्या डब्यात काहीतरी शोधायला लागला. बनाच्या हातात अजून तो घड होता. लपवायला जागा नव्हती आणि खरं तर लपवायचा आता तिलाच कंटाळा आला होता. तिनं पदर सारखा केला. आणि सासूकडं बघून ती बोलली.

"आत्याबाई, तुमची पेटी लय भरतीया. झाकण लावलं की वरचा घड चेंगरतोय. ती... ती उपसा आन परत भरा."

राहीबाईनं पेटीकडं बघितलं, बनाच्या हातातल्या घडाकडं बघितलं.

"ह्यो घड तू कवापासनं काढतीस?"

"ट्रंककॉल आला तवापासनं."

"माझ्या माघारी?"

"व्हय."

राहीबाईचा चेहरा लालबुंद झाला. आता ही पाटी फेकणार, असं बनाला वाटलं. पण राहीबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू लगीन हून आलीस तवा तुझी भाकरी तव्यावर टाकताना फाटायची. मी काय केलं? तुझ्या माघारी दुसरी थापून ठिवली?"

"न्हाई."

"मग?"

"मलाच परत थापाय लावली."

"किती येळा?"

"लय येळा. रडवलंसा मला."

मांडवाखाली कुणीतरी फिसकन हसलं. राहीबाई मागं वळली नाही. "तवा कुटं आता टम्म फुगतीया. आन मला मातूर तू शिकवायचीच न्हाईस? मी काय आता बाद झाले? भाकरी फाटली तर सांगाय तोंड हुतं मला. तुला का न्हाई गं?"

बनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते दुःखाचं नव्हतं, हे तिला लगेच कळलं. राहीबाईनं तिथंच फतकल मारली, पेटी पुढं ओढली आणि सगळे घड बाहेर काढले. "हं. दाव आता. कुटपतूर भरायची?"

बना तिच्या शेजारी बसली. काठाखाली दोन बोटं आडवी धरून म्हणाली, "एवढी जागा ठेवायची. घडाला बी अंग हलवाय नको का?"

"आन शीग?"

"शीग न्हाई, आत्याबाई."

"आसं माप माझ्या सासूनं बघितलं असतं तर मला घरातनं काढलं असतं," राहीबाई पुटपुटली, आणि मग सगळ्यांबरोबर तीही हसली. तिनं पेटी दोन बोटं रिकामी ठेवून भरली, अंबूबाईपुढं नेऊन आदळली आणि विचारलं, "बघ, झाली का नीट? का तू बी परत उपसतीस?" अंबूबाईनं झाकण ठेवून बघितलं, ते अलगद बसलं. तिच्याही चेहऱ्यावरचा आठ्यांचा गुंता सुटला. पाट्या उचलल्या गेल्या, यल्लाप्पाची हातोडी सुरू झाली आणि दिवस मावळायच्या आत ट्रक धुरळा उडवत सांगलीच्या दिशेनं गेला.

संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता बनानं धीर केला. "आत्याबाई, मुकादमाची जागा तुमची हुती. मला म्हाईत हाय, तुमाला लागलंय."

"जागा?" राहीबाई चुलीत काटकी सारत म्हणाली. "त्या हजेरीला वरडत बसाय कोण जातंय? जागा तुलाच बरी. मला दुसरंच लागलंय."

"काय?"

राहीबाईनं फुंकणी घेऊन जाळ फुलवला. "वस्तीवर मी जालिंदरची आय. त्याच्या आदी कुणाची बायकू, कुणाची सून. मला नावानं हाक मारणारं माहेरचं मानूस आता एक बी उरलं न्हाई. पर हरिबा रोज सकाळी मोठ्यांदा म्हणायचा, राहीबाई! मी म्हणायची, हाय. दिसातनं तेवडं एकदा मला माझं नाव ऐकाय मिळायचं. तू मुकादम झालीस आन ते बी बंद केलंस."

बनाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ती रीत पाळत होती, मान देत होती, आणि त्या मानाखाली सासूचं नावच गडप झालं होतं. तव्यावरची भाकरी करपली. राहीबाई म्हणाली, "करपली बघ. परत थाप." आणि गिरणी पुन्हा सुरू झाली, जेवण होईस्तोवर अंबूबाईच्या सात पिढ्यांचा पंचनामा झाला.

दुसऱ्या दिवशी मांडवाखाली हजेरी लागली.

"अंबूबाई!"

"हाय."

"मनुबाई!"

"हाय."

शेवटचं नाव आलं. बायका आधीच तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. राहीबाई कडेला, पाटी मांडीवर घेऊन, बनाकडंच बघत होती. बनानं डोईवरचा पदर नीट केला. तो तिनं मागं सारला नाही. पण मान वर केली आणि पोटातून आवाज काढला.

"राहीबाई!"

आवाज या खेपेला फाटला नाही. यल्लाप्पाच्या हातून खिळा पडला. हजेरीला कुणी उभं राहत नसतं, पण राहीबाई उभी राहिली, सुट्टीवर आलेला जालिंदर उभा राहायचा तशी ताठ.

"हाय!" ती म्हणाली, आणि अंबूबाईकडं वळून विचारलं, "ऐकलंस न्हवं? राहीबाई म्हंजी मी."