नेसलेल्या साडीची गोधडी

गिऱ्हाईक बाईने हातातली गोधडी सोडली. ठेवली नाही, सोडली. बोटं उघडली आणि गोधडी खाली, लोकांच्या चपलांत. मग पर्समधून सॅनिटायझर काढलं आणि माझ्यासमोर हात चोळत बसली. कडेवरची पोर दुधासाठी माझा ब्लाऊज ओढतेय.

काय केलेलं मी? तिने विचारलं कापड कसलं, मी सांगितलं. सासूची साडी, खूप वर्षं नेसलेली, म्हणून एवढी मऊ. अभिमानाने सांगितलं. आमच्यात तान्ह्या पोराच्या अंगाला पहिलं कोरं कापड लावतच नाहीत. घरातल्या मोठ्या बाईने नेसून मऊ केलेलंच लावतात. त्या बाईच्या घरी बारसं होतं, लहान पोरांना द्यायला पाच गोधड्या पाहिजे होत्या. मला वाटलं, ऐकून खूश होईल.

ती बोलली, "किसी की उतरी हुई साडी? तुमच्यात चालत असेल."

तुमच्यात.

बदलापूरला एका मोठ्या सोसायटीच्या हॉलमध्ये ते प्रदर्शन लागलेलं. मी उल्हासनगरची, कॅम्प चार. सातवीत शाळा सुटली. बचत गटाने पहिल्यांदाच टेबल दिलेलं आणि गटाच्या ताईने आधीच सांगितलेलं, दोन दिवसांत विक्री नाही झाली तर पुढच्या वेळी टेबल दुसरीला. तो दुसरा दिवस. एक पण गोधडी गेली नव्हती.

आणि बाजूच्या टेबलावर दुसरी एक विकणारी मॅडम. खरं सांगते, सकाळपासून जळत होते मी तिच्यावर. तिच्या पिवळ्या लाइटीवर, तिच्या इंग्लिशवर. तिची पोर माझ्या पोरीएवढीच, पण ती बाबागाडीत झोपलेली, गाडीला छोटा पंखा, सांभाळायला बाई. माझी माझ्या घामात. गोधड्या तिच्याकडे पण होत्या. मशीनवरच्या, माझ्यासमोर प्लास्टिक फाडून मांडलेल्या. गिऱ्हाइकाला सांगायची, गावच्या बायका हाताने शिवतात. लोक तिच्याशी हळू बोलायचे. मला "ए" करायचे.

ती मॅडमच उठून आली. त्या गिऱ्हाईक बाईला गोड बोलून थांबवलं, बोलली, ही बिचारी घाबरून काहीतरी सांगते, कापड नवंच असणार. मग माझ्या कानाशी बोलली, "नवं आहे बोल ना. कोण बघायला येतंय?" काय सुंदर वास येत होता तिच्या अंगाला. मला वाटलं, हिच्यासारखं व्हायला एवढंच लागतं का.

ती बाई बोलली, "नया है ना? बोल, पाचही घेते."

जिभेवर आलेलं. हो, आलेलं. हो बोलले की टेबल माझं. तेवढ्यात कोणाची तरी सँडल गोधडीवर पडली. ती साडी नेसून सासू जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला जायची, गुडघे गेले तोपर्यंत. त्यात घाण कुठली? काय म्हणून लपवू मी?

"नेसलेलीच आहे," मी बोलले. "सासूची. स्वच्छ धुतलेली. आणि तुम्ही पाडली ना, तुम्हीच उचला."

 

"दिमाग खराब है इसका," असं बोलून ती बाजूच्या टेबलावर गेली. तिथून पाच घेतल्या. तिथे तिने विचारलं पण नाही कोणी शिवल्या. मॅडमने माझ्याकडे बघितलं नाही. गोधडी तशीच पडलेली, लोक वळसा घालून जात होते. ती बाई हॉलच्या बाहेर जाईपर्यंत मी पण वाकले नाही.

टेबल गेलं. आता अंबरनाथच्या बाजारात जमिनीवर चादर टाकून बसते. मॅडमवर अजून जळते, खोटं कशाला बोलू. पण गिऱ्हाईक आलं की भाव नंतर, पहिलं हे सांगते. साडी नेसलेली आहे, किळस येत असेल तर हात लावू नका. ऐकून निघून जातात. जाऊ देत. दुसरं काही माझ्या तोंडून निघणार नाही.

तुम्ही त्या टेबलामागे असता, पोर अंगाला चिकटलेली, पाच गोधड्या जाणार एका शब्दावर, तर काय बोलला असता?