काणाडोळा

संयोगिताबाई कडेगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. आई आणि धाकटा भाऊ वीरधवल यांच्याबरोबरच राहायच्या. अमेरिकेचे मुत्सद्दी हेन्री किसिंजर हा त्यांचा हातखंडा विषय. देशाला मित्र नसतात, हितसंबंध असतात, हे त्या असं रंगवून सांगत की मागच्या बाकावरची पोरंही मोबाईल खाली ठेवत. उदाहरण ठरलेलं, एकाहत्तर सालचं. पूर्व पाकिस्तानात कत्तली चालल्या होत्या, पण चीनकडं जायची वाट पाकिस्तानातून होती, म्हणून अमेरिकेनं काणाडोळा केला. "क्रूर वाटेल, पण व्यवहार म्हणून बरोबर," म्हणून त्या पुढच्या मुद्द्याकडं वळत.

वीरधवल पंचायत समितीला उभा राहिला. शेजारच्या गावची मतं तिथला पुढारी जयराज याच्या मुठीत. प्रचार चालू असतानाच जयराजच्या माणसांनी आटपाडीकडच्या नानासो मेंढपाळाला, मेंढरं उसात शिरली म्हणून, बेदम मारलं. हात मोडला, राहायचं पाल पेटवून दिलं. नानासोची मेंढरं दरवर्षी खतासाठी वीरधवलच्याच रानात बसायची. म्हणून त्याची बायको हरणाबाई याच दारात आली.

"दादा, पोलीस आमचं ऐकून घेत न्हाईत. तुमी नुस्तं संगं चला."

"बघतो," म्हणून वीरधवल आत येऊन ताटावर बसला.

"जयराजला जाब विचारणार का न्हाई?" संयोगिताबाईंनी विचारलं.

"आत्ता न्हाई. सभापतीपदाची वाट त्याच्या दारातनं जाती, ताई. तूच शिकवतीस की हे." मटणाचं हाड चोखत तो हसला.

त्यांना शिसारी आली. त्याच्या तेलकट ओठांची आलीच, पण त्यातून बाहेर पडलेल्या स्वतःच्या शब्दांची जास्त. बाहेर पायरीवर हरणाबाई बसली होती. तिच्या लुगड्याला अजून जळक्याचा वास येत होता.

त्यांनी स्कूटी काढली, हरणाबाईला मागं बसवलं आणि पोलीस ठाण्यात जाऊन जयराजच्या नावानिशी तक्रार नोंदवायला लावली.

पण त्याच संध्याकाळी वीरधवल जयराजकडं गेला. "ताईचं डोकं फिरलंय, माझा संबंध न्हाई," असं सांगून आला. पुढं साक्षीदार फिरले. नानासो मेंढरं घेऊन कोयनेकडं निघून गेला. हात वाकडाच जुळला. वीरधवल निवडून आला, आणि गुलालात माखलेला जयराज जीपमध्ये त्याच्या शेजारी उभा होता.

आईनं पेढा पुढं केला. "घे गं. भाऊच हाय की तुजा."

"व्हय," संयोगिताबाई म्हणाल्या, "म्हणून तर जास्त किळस येती." आणि त्या उठून आपल्या खोलीत गेल्या.