नानांची उघडी गाडी

फोन वहिनींचा होता. मी सकाळचा चहा गाळत होतो. “भाऊ, नाना उठी नही ऱ्हायनात...” एवढंच बोलल्या. नाना म्हणजे माझे धुळ्याचे मामेभाऊ. आदल्या संध्याकाळी तर फोनवर हसत सांगत होते, “मी रेडिएटर खोली टाकं रे, सकाळी धुसू.” उद्याचं काम अंगणात पसरून ठेवलेला माणूस झोपेत जातो कसा? जळगावहून धुळ्यापर्यंत बसमध्ये मी एकच घोकत होतो, काहीतरी चूक झाली असेल.

नानांची गाडी जुनी आणि नाना हट्टी. दुकानात थर न धरणारं कूलंट मिळत असताना हा गृहस्थ रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायचा. आमच्याकडचं पाणी क्षाराचं, आत पांढरा थर धरायचा, उन्हाळ्यात गाडी तापायची आणि नाना खुशीत यायचे. “मुतखडा काय फक्त माणूसलेच व्हस का? गाडीलेबी व्हस!” मग झाकणावर तळहात ठेवून इंजीन गार झाल्याची खात्री करायची, रेडिएटर उतरवायचा, लिंबूसत्वाच्या पाण्याने आतून धुवायचा... इंजिनाच्या चिकट भागांना रॉकेल आणि दातांचा जुना ब्रश. एकदा तर गाडीचा थर्मोस्टॅट स्वयंपाकघरात कणकेच्या परातीत भिजत पडलेला. “ह्या परातमा आते कणीक कशी मळू?” वहिनी कडाडल्या. मीही वैतागून म्हणालो, “नाना, सरळ कूलंट का टाकत नाही?” ते माझ्याकडे बघतच राहिले. “मंग साफ काय करू?”

परवा पाने-पकडी घेऊन धुळ्याला गेलो. म्हटलं, गाडी जोडून द्यावी, वहिनींचं अंगण तरी मोकळं होईल. इतके आठवडे झाले तरी गोणपाटावर सगळं नानांनी मांडलं होतं तसंच होतं. मी पहिला बोल्ट उचलला आणि वहिनी आतून धावत आल्या.

“जोडानं नही, भाऊ.”

“अहो वहिनी, किती दिवस असं उघडं...”

“खुल्लं शे तवलोंग त्यास्नं काम चालू शे. तुम्ही जोडी टाकं, म्हणजे ते सरी जाई.”

अंत्ययात्रेत चाललो, दहाव्याला बसलो, पण नाना गेले हे मला त्या अंगणात कळलं. मी खाली बसलो. वाऱ्याने सगळ्या भागांवर धूळ बसली होती. वहिनी एकेक भाग उचलत होत्या, पदराने पुसून जिथला तिथे ठेवत होत्या.

मी पाना खिशात घातला आणि त्यांच्याकडे एक फडकं मागितलं.