शेवटचं प्रकरण मी वाचणार नव्हते

आधीच सांगते — भूतप्रेत, संचार, झाडफूक यांच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही! तेव्हा "ताई, शांती करून घ्या" असले सल्ले कृपया नकोत.

आम्ही रायपूरला तात्यापाऱ्यात राहतो. खाली दुकान, वर मी आणि बाबा. बाबा रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठे थांबवायची, कोणती पुढे काढायची, हे चार्टवर पेन्सिलीने रेघा ओढत त्यांनी आयुष्यभर केलं. आता मोतीबिंदूने दिसत नाही आणि डोक्यातलं सगळं पार विस्कटलंय. आई मागच्या वर्षी गेली. सांगितलं तेव्हा बाबांनी असा हंबरडा फोडला... आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, "तुही आई कुठी गेली वं?" मी ठरवलं, आता पुरे. "नागपूरले, मावशीकडे." तेव्हापासून रोज हेच खोटं.

दुपारी जेवणं झाली की मी त्यांना वाचून दाखवते. यंदा एक नवी कादंबरी मागवली. अवघड म्हणजे किती! नायिका या पानावर नवरी, पुढच्या पानावर शाळेत, मग म्हातारी, मग पुन्हा नवरी. मी वैतागले. "बाबा, याले काही शेंडाबुडखा नाही."

"हाये नं! मागची गाडी लेट आहे, म्हणून पुढची पहिले सोडली. वाच तू." आणि लगेच म्हणाले, "आता ती लोणच्याची बरणी पेटीत ठेवते, अन् पेटी गाडीतच विसरते."

मी हसले. दोन-तीन दिवसांनी ते प्रकरण आलं. बरणी, पेटी, गाडी... सगळं! पुस्तकाचं पाकीट मी स्वतः फोडलं होतं आणि घरात तिसरं कोणी नाही.

मुलगा फोनवर म्हणाला, "मम्मी, तुक्का है." शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवं, हे बरं लक्षण नाही. ते पुस्तक तलावात शिरवून टाक." म्हटलं, काकू, पुस्तक माझं आहे, मी वाचणार!

पण मग शेवटचं प्रकरण मी एकटीने आधी चाळलं. नायिका हॉस्पिटलमध्ये मरते. नवरा चहा आणायला खाली गेलेला असतो. माझी आई तशीच गेली होती, मी बाबांना चहा पाजायला खाली नेलं होतं तेव्हा. अगदी तशीच. हे बाबांना ऐकवायचं? छे! आधीच्याच प्रकरणावर मी पुस्तक मिटलं. "संपलं, बाबा."

"नाही. एक बाकी आहे."

"नाही जी."

"काहून लपवून राहिली? तो चाय आणाले जाते, अन् इकडे ती जाते. वाच, बेटा."

"नाही वाचत!" मी ओरडलेच. "तुम्ही रडसान!"

"मग रडू दे नं," बाबा म्हणाले. "बायको माही होती."

मी वाचलं. बाबा शेवटच्या ओळीपर्यंत हललेसुद्धा नाहीत. मग आम्ही दोघंही खूप रडलो.

डॉक्टर म्हणतात, असं होत नाही, नवं काही त्यांच्या लक्षात टिकणार नाही. सकाळचा चहा घेतला की नाही, हे बाबांना खरंच आठवत नाही. पण आई कुठे गेली, हे त्यांनी पुन्हा एकदाही विचारलेलं नाही. योगायोग म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं, आधी त्या बरणीचं काय ते सांगावं. माझ्याकडे उत्तर नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

आईचा फोटो मी वर्षभर कपाटात, साड्यांखाली लपवला होता. काल बाबांनी भिंत चाचपून विचारलं, "तिचा फोटो काहून नाही लावला?"

मी लावला.