बंडगर सरांचं शिफारसपत्र

गुरुबसप्पा म्हमाणे यांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्याच अक्षराची सोलापुरातल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञांना धास्ती होती. हसू नका. शास्त्रज्ञ म्हणजे काही आभाळातून पडलेली माणसं नव्हेत. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतात, आणि घरी जाताना मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागं येतात.

दख्खन मृदाशास्त्र परिषद असं त्यांच्या संस्थेचं भारदस्त नाव. सोलापूर शाखेचं ऑफिस मात्र नव्या पेठेत रंगाच्या दुकानावरची एक खोली. टेबल एक, कपाटं दोन, आणि भिंतीला लागून मातीच्या नमुन्यांच्या बाटल्या. गुरुबसप्पा सरकारी कचेरीत माती तपासायचे आणि रविवारी अकरा ते एक इथं कार्यवाह म्हणून फुकट राबायचे. परिषद दरसाल काही थोर सभासदांना ‘मानद सभासद’ करायची. शाल, मानपत्र, आणि वार्षिक अंकाच्या पहिल्या पानावर छापलेलं नाव. त्यासाठी प्रत्येक शाखेनं जुलैअखेर एक शिफारसपत्र पुण्याला पाठवायचं. ते टाइप केलेलं चालत नसे, कार्यवाहाच्या हातचंच लागे. हातानं खोटं लिहिताना माणूस कचरतो, असं संस्थापकांचं म्हणणं. आणि नियमावलीत शेवटी एक ओळ होती : दिवंगतांचा विचार केला जाणार नाही.

एकाहत्तर साली गुरुबसप्पांनी पहिलं नाव लिहिलं, वैरागच्या संगप्पा कोऱ्यांचं. पत्र पुण्याला पोचायच्या आत संगप्पा गेले. बाहत्तरला कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात उभा जन्म पाणी तपासलेले रेवणप्पा शेटे. ते दिवाळीत गेले. त्र्याहत्तरचे गृहस्थ शाल घ्यायला जानेवारीत पुण्याला निघाले आणि स्टेशनच्या बाकावरच आडवे झाले. चौऱ्याहत्तरचे मोठे धीट. शाल घेतली, भाषण ठोकलं, सोलापूरला परत आले आणि आठव्या दिवशी आटोपले.

चार नावं, चार तिरड्या. मग बोभाटा व्हायला कितीसा वेळ? परिषदेची वडीलधारी मंडळी गुरुबसप्पांना बघून रस्ता बदलायला लागली. एकानं तर भर सभेत हात जोडले, “कार्यवाह, आमच्यावर मेहेरबानी करा. आम्ही काही थोरबीर नाही.” सगळे खो खो हसले. गुरुबसप्पाही हसले, पण घरी येऊन दोन घास कमी जेवले.

त्यांची बायको हेमावती साधी बाई. तिनं त्यांचा काळ्या शाईचा पेन देवापुढं ठेवला, त्याला विभूती लावली आणि म्हणाली, “तुमच्या हाताला काहीतरी लागलंय बघा. दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा की.” गुरुबसप्पा खेकसले, “अडाण्यासारखं बोलू नकोस.” पण पेन उचलताना त्यांनी विभूती पुसली नाही.

अशात पंचाहत्तर साल उजाडलं आणि जूनच्या एका रविवारी जिन्यावर वहाणा कर्र कर्र वाजल्या.

त्या वहाणा साऱ्या शाखेला ठाऊक होत्या. सिद्धनाथ बंडगर, मेंढरामागं हिंडणाऱ्या धनगराच्या घरातला माणूस. शिकला, माती खात्यात लागला, आणि जिल्ह्यातल्या साऱ्या तालुक्यांची जमीन पायांनी तुडवून त्यानं चारशे खड्डे खणले. कुठं काळी किती खोल, मुरूम कुठं लागतो, खारानं बिघडलेली चोपण जमीन कुठं पसरतेय, सगळं नोंदलं. चिमूटभर माती जिभेवर ठेवून खार सांगायचा, आणि प्रयोगशाळेचा आकडा मागाहून तोच यायचा. त्या खड्ड्यांवरून जिल्ह्याच्या जमिनीचा नकाशा झाला, अठ्ठावन्न साली छापला गेला. त्याच्यावर नाव आलं साहेबाचं. साहेब शहराजवळच्या मंद्रूपच्या पुढं कधी गेलेला नव्हता.

एकावन्न साली बाप मेलेला, मिसरूड न फुटलेला गुरुबसप्पा खात्यात आला, तेव्हा त्याच्या हातात पहिलं फावडं दिलं ते बंडगर सरांनी. तीन वर्षं तो त्यांच्याच घरी जेवला. सरांची बायको गोजाबाई चुलीपुढं बसून दोन ताटं वाढायची, एक नवऱ्याचं, एक गुरूचं. तिला स्वतःचं पोरबाळ नव्हतं.

तर ते सर आले, खुर्चीत टेकले आणि आडपडदा न ठेवता म्हणाले, “गुरू, औंदा माजं नाव लिव.”

गुरुबसप्पांनी पेनाला टोपण घातलं.

“सर, पुढच्या वर्षी बघू. घाई काय आहे?”

“घाई तुला नसंल. मला एकाहत्तर लागलंय. उभा जल्म खड्डं खणलं, कागदावर दुसऱ्याचंच नाव आलं. एकदा छापल्यालं माजं नाव बगायचंय, दुसरं काय न्हाय. शाल नगं मला, सोलापूरच्या उन्हात शाल घिऊन काय करू?”

गुरुबसप्पांनी कागद चाळायला घेतले. सर त्यांच्याकडं बघत राहिले आणि एकदम खदाखदा हसले.

“आरं, तूबी भ्यालास व्हय! कावळा बसायला आन् फांदी मोडायला गाठ पडली, तर कावळ्याला फाशी देतो का आपण? हितं ये, आकडे मांड.” त्यांनी रद्दी कागद ओढला. “चौघांची वयं लिव. त्र्याहत्तर, सत्तर, शहात्तर, एकोणऐंशी. म्हाताऱ्यांचीच नावं काडायची, त्यातबी खोकणाऱ्यांची, कारण तुमाला आधी त्यांचीच दया येती. मग ती मेली म्हणून बोंब मारायची! तुजा पेन न्हाय मारत कुणाला. तुमी नाव काडायलाच उशीर करता.”

हिशोब चोख होता. गुरुबसप्पांनी मान डोलावली. “लिहितो,” म्हणाले.

आणि लिहिलंही. दोन पानं भरून लिहिलं. चारशे खड्डे, चोपण जमिनीवरचा उपाय, निवृत्तीनंतर बाहत्तरच्या दुष्काळी कामावर पाणी न धरणाऱ्या जागेतला तलाव सरांनी भांडून दुसरीकडं नेला ती हकिगत. आजवर कुणासाठी लिहिलं नव्हतं असं जीव ओतून लिहिलं. पण पहिल्या पानावर वर ‘शिफारस केलेल्या सभासदाचे नाव’ हा रकाना होता, तिथं पेन टेकला की हात थबकायचा. सिद्धनाथ. चार अक्षरं. डोक्याला पटलेलं हाताला पटेना. उद्या लिहू, परवा लिहू, असं करता करता जुलै संपला. कागद घडी होऊन गुरुबसप्पांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात राहिला.

पुढच्या रविवारी वहाणा वाजल्या. “गेलं का रं पत्र?”

“गेलं सर.”

एवढे दोनच शब्द. म्हटलं तर मायेपोटी. पण खोटं ते खोटंच, त्याला मायेची झूल घातली म्हणून त्याचं खरं होत नाही.

त्यानंतर सर दर रविवारी यायचे. पुण्याचा विषय काढायचे नाहीत. नुसते बसायचे, बाटल्यांवरची धूळ पुसायचे, आणि आठवड्याचं टपाल फोडायला घेतलं की खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं करायचे. गुरुबसप्पांना ते बघवत नसे. तरी मनात एक बरं वाटायचं : माणूस समोर आहे, हसतोय, चहा पितोय. नाव लिहिलं असतं तर?

जानेवारीत पुण्याहून यादी आली. शिपायानं ती फळ्याला टाचणीनं लावली. सरांनी चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. बारा नावं होती.

“बरं,” ते म्हणाले.

त्या वेळी सांगायला हवं होतं. पाय धरून सांगायला हवं होतं की सर, मी पाठवलंच नाही. गुरुबसप्पा जमाखर्चाची वही चाळत बसले. सरांनी नेहमीप्रमाणे बाटल्या पुसल्या, एक वाजता उठले, आणि जिना उतरताना त्यांच्या वहाणा फार सावकाश वाजल्या.

त्यानंतर ते आले नाहीत. गुरुबसप्पा दोनदा घरी जाऊन आले. सर खाटेवर पडून छताकडं बघायचे, प्रकृती बरी हाय म्हणायचे. विषय कुणीच काढला नाही. श्रावणात, एका सोमवारी सकाळी, ते गेले.

नाव न लिहिताच गेले! गुरुबसप्पांनी मर्तिकातसुद्धा मनाशी तेच धरलं. नाव न लिहिता गेले, म्हणजे पेनात काही नव्हतं, हातात काही नव्हतं, सगळा खुळ्यांचा बाजार होता, आणि त्या बाजारात सगळ्यात मोठा खुळा मी. चौघं गेले त्याचा गुरुबसप्पांना डाग नव्हता. पाचव्याचा डाग मात्र त्यांचा स्वतःचा होता, आणि तो पेनानं नव्हे, पेन न उचलल्यानं लागलेला.

रविवारी गुरुबसप्पा ऑफिसात बसले. अकराला जिन्यावर कर्र कर्र झालं. ते उठून दारात गेले. जिना रिकामा. दुकानाच्या मालकाला विचारलं, कोण आलं होतं? तो म्हणाला, कुणी नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी गुरुबसप्पांनी कानांत कापूस घातला, तरी वाजल्या. भुताखेतावर त्यांचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीनं आपण एक माणूस तीळतीळ मारला, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं, त्यामुळं कशाला खोटं म्हणावं तेच कळेना. बाटल्यांकडं बघवेना. धूळ साचत गेली, ती पुसायला त्यांचा हात धजेना.

हेमावतीनं अंगारा लावून बघितला. काही उपयोग झाला नाही. एका रविवारी ती म्हणाली, “तो खिशातला कागद धुताना रोज काढून ठेवते मी. कुणाचा आहे तो? ज्याचा असेल त्याला देऊन टाका.”

तसे ते त्याच दुपारी उठले आणि सरांच्या घरी गेले.

गोजाबाई उंबऱ्यात गहू निवडत होती. गुरूला बघून तिनं सूप बाजूला सारलं. “ये लेकरा. लई वाळलास.” पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. मग तिनंच विचारलं, “गुरू, एक सांगशील? पुण्यावाल्यांनी ह्यांचं नाव का रं न्हाय घेतलं? जाताना म्हनालं, गोजा, धनगराच्या पोराला कोन वर बसवतंय. आमी मेंढरामागंच बरं हुतो. आठ म्हैनं खाटंवर पडून हीच एक गोष्ट. तसंच व्हतं का रं? जातीपायी?”

गुरुबसप्पांना कुणीतरी काळजात फावडं घातल्यासारखं झालं. सर नाकारले गेले असं समजून गेले होते. आणि नाकारणारं पुण्यात कुणीच नव्हतं, ते इथं घोंगडीवर बसलेलं होतं.

“नाही आई,” ते म्हणाले. “पुण्याला काही गेलंच नाही. मी पाठवलं नाही. मला भीती वाटली, सर जातील म्हणून.” आणि खिशातला कागद काढून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला.

गोजाबाई कागदाकडं बघत राहिली. रागावली नाही, रडली नाही. “काय लिवलंय ते वाच,” म्हणाली.

गुरुबसप्पांनी वाचलं. चारशे खड्डे वाचले, चोपण वाचलं, तलाव वाचला. ती पदर तोंडाला लावून ऐकत होती. तलावाच्या जागी तिनं मान हलवली, “व्हय, तवा दोन दिस घरी आलं न्हवतं.” दोन्ही पानं संपली.

“लई चांगलं लिवलंस,” ती म्हणाली. “मग त्येंना का न्हाय वाचून दावलंस? छापाया नसतं दिलं, पुण्याला नसतं धाडलं. नुसतं खाटंजवळ बसून वाचलं असतंस.”

हा विचार गुरुबसप्पांच्या मनात आठ महिन्यांत एकदाही आला नव्हता.

तिनं कागद हातात घेतला. “मला अक्षर येत न्हाय. पर त्येंचं नाव वळखते, पेटीवर रंगानं लिवल्यालं हाय.” कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीकडं तिनं एकदा बघितलं, मग ओळीओळीवरून बोट फिरवायला लागली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. पुन्हा पहिल्यावर आली. बोट वरच्या मोकळ्या रकान्यावर थांबलं.

“गुरू, ह्यात त्येंचं नावच न्हाय की रं.”

गुरुबसप्पांनी मान खाली घातली.

गोजाबाईनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला पेन आपल्या हातानं काढला, टोपण उघडलं आणि त्यांच्या बोटांत दिला. “आता लिव की,” ती म्हणाली. “आता कशाला भ्यायचं?”