सतरा किल्ल्यांचा तह

इतिहासाच्या पुस्तकात आमचा खानदेश फक्त वाटेत लागायचा. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी फौज खानदेशातून गेली, दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालेली फौज खानदेश लुटून गेली, एवढ्या दोन वाक्यांत आमचं काम आटपायचं. थांबायला म्हणून कोणी आलंच नाही. त्यामुळे पारोळ्याच्या अलीकडल्या एका गावातल्या हायस्कुलात मी नववीला इतिहास शिकवायला उभी राहायची तेव्हा मुलं अगदी शांतपणे ऐकायची. लांबच्या नातेवाइकांच्या भांडणाची हकिकत ऐकावी तसं. मान डोलवायची, 'अरेरे' म्हणायचं आणि मधल्या सुट्टीत विसरून जायचं.

साठीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. मी मूळची धुळ्याची, नुकतीच बी.एड. झालेली, आणि आपल्यामुळे शिक्षणक्षेत्रात काहीतरी मोठं घडणार आहे अशी माझी खात्री होती. भाऊंची नव्हती. भाऊ म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या बाजारात कापसाचे अडते. शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवून देणं हा त्यांचा धंदा. त्या वेळी भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडे सांगायचे. भोवती गर्दी जमली तरी कोणाला थांगपत्ता लागत नसे. लहानपणी मी एकदा त्या उपरण्याखाली डोकावायला गेले, तर भाऊंनी वेणी धरून मला बाजूला केलं. बायकांचा हात त्या उपरण्याखाली जात नसे, आणि नाकही जायचं नाही, असं त्या दिवशी मला कळलं.

नोकरीला परवानगी देतानाही त्यांनी सौदाच केला. मुदत दोन वर्षांची. तेवढ्यात शाळेनं कायम केलं तर नोकरी सुरू. नाही केलं तर घरी यायचं आणि आलेल्या स्थळांपैकी एकाला हो म्हणायचं. मी तिथल्या तिथे कबूल झाले. बाविशीतल्या मुलीला दोन वर्षं म्हणजे अर्धा जन्म वाटतो. ती कशी संपतात ते संपत आल्यावरच लक्षात येतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला शाळेची तपासणी आली. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, साहेब तुमचा एक पाठ बघणार. त्यांचा शेरा चांगला आला तर संस्था तुम्हाला कायम करेल. नाही आला तर..." पुढचं ते बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. हेडसर वाईट बातमी नेहमी चष्म्यावर ढकलायचे.

माझ्या वाट्याला पुरंदरचा तह आला होता. त्याची कलमं मुलांना पाठ होईनात. महाराजांनी तेवीस किल्ले द्यावेत, बारा ठेवावेत, इथपर्यंत गाडी यायची आणि पुढे सगळा खोळंबा. तेव्हा मी ठरवलं, तहाचं नाटुकलंच करायचं. मिर्झाराजे कोण होणार, हा प्रश्न वर्गानं एका दमात सोडवला. गावातल्या मारवाडी कापड दुकानदाराचा मुलगा पहिल्या बाकावर बसायचा. मिर्झाराजे राजस्थानचे, ह्याचं घराणंही राजस्थानचं, मग आणखी कोण? "बाई, आमचं गाव जोधपूरकडे आहे, मिर्झाराजांचं तिकडे लांब," असं तो कळवळून सांगत राहिला, पण बहुमतापुढे त्याचं काही चाललं नाही. महाराजांचं काम मिळालं मागच्या बाकावरच्या एका उंच, अबोल मुलाला. त्याचे वडील बैलबाजारात दलाली करायचे, आणि बाजाराच्या दिवशी हा मुलगा शाळेत दिसला तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

तालमीच्या पहिल्या दिवशीच महाराज अडून बसले.

"बाई, पहिलाच बोलमा तेवीस किल्ला? इतला कोन देई?"

"अरे, इतिहासात दिलेत."

"दिलं असतीन. पण आधी बोलनं झालं असेल ना? आन ते असं बठ्ठा लोकसमोर, मोठा आवाजमा?" तो रागावला की त्याची पुस्तकी मराठी अशी मध्येच घरी निघून जायची. "उघड्यावर आकडा बोलला का भाव गेला, बाई."

आणि त्यानं गळ्यातला पंचा काढून मिर्झाराजांच्या हातावर टाकला. मिर्झाराजांना काही शिकवावं लागलं नाही. त्यांनीही पंच्याखाली हात घातला. वर्ग एकदम ताठ बसला. दोन वर्षांत माझ्या तोंडच्या एकाही वाक्यानं हा वर्ग असा ताठ बसला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला थोडा हेवाच वाटला. पण बी.एड.ला आम्हाला 'समवाय' नावाचा एक भारदस्त शब्द शिकवला होता: मुलांच्या भोवतालच्या जगाशी पाठाची सांगड घालायची. हा तर घरी चालत आलेला समवाय होता. साहेब खूष होणार. मी एवढंच बजावलं, की पंच्याखाली काय हवं ते करा, हात बाहेर आला की 'तेवीस' म्हणायचं. दोघांनी मान डोलवली. तालमीत प्रत्येक वेळी तेवीसच म्हणाले.

तपासणीच्या दिवशी साहेब मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. गोल चेहरा, कोट, मांडीवर टोपी. शेजारी हेडसर. तह सुरू झाला. मिर्झाराजांनी छातीवर हात ठेवून सुरेख भाषण केलं, महाराजांनी मोजकं उत्तर दिलं, आणि दोघांचे हात पंच्याखाली गेले.

ते बाहेर येईनात.

मी 'आता बोला' अशा अर्थानं खोकले. कोणी दखल घेतली नाही. महाराजांचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा झाला होता. भाऊंचा बाजारात व्हायचा तसा. महाराजांनी एकदम हात मागे घेतला, मला काही घेणंदेणं नाही अशा थाटात खिडकीबाहेर पाहिलं, आणि मिर्झाराजांनी पंचा हलवून बोलावल्यावर उपकार केल्यासारखा पुन्हा आत घातला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बाजारातली ती रीतच आहे. खरा घासाघीस करणारा एकदोनदा हात काढून घेतोच. मिर्झाराजांच्या कपाळावर घाम आला. अख्खा वर्ग बाकांवरून पुढे झुकला होता आणि नुसत्या कोपरांच्या हालचालीवरून काय चाललंय ते ओळखत होता. कळत नव्हतं ते फक्त साहेबांना, हेडसरांना आणि मला.

शेवटी हात बाहेर आले. मिर्झाराजे पडेल आवाजात म्हणाले, "सतरा."

वर्गानं जो गलका केला तो शेजारच्या आठवीनं ऐकला, आणि काय झालं हे माहीत नसताना त्यांनीही केला. सहा किल्ले वाचले होते. माझं काय वाचणार होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. हेडसरांनी चष्मा काढला.

साहेब उठून पुढे आले. "बाई, पुस्तकात किती आहेत?"

"तेवीस," मी म्हटलं.

साहेब महाराजांकडे वळले. "काय रे, तू सहा किल्ले कसे सोडवलेस?"

"साहेब, त्याले पुढे विजापूरले जानं शे," मुलगा मिर्झाराजांकडे बोट करून म्हणाला. "बाईंनीच सांगितलं. ज्याले पुढला बाजार गाठना शे, तो जास्त ताणत नही."

साहेब हसले. मग त्यांचं हसू मावळलं, आणि खरोखर उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं, "मग महाराजांना हे कळलं नसेल का? त्यांनी तेवीस का दिले?"

मुलानं हातातला पंचा पिळून पिळून त्याची दोरी केली.

"महाराजना मानसं वर किल्लामा अडकेल व्हतात, साहेब. मरत व्हतात. मना कोनी अडकेल नव्हतं. म्हनीसन माले घासाघीस करता उनी, महाराजले नही."

मी तो तह दोन वर्षं शिकवत होते आणि त्या जागी 'नाइलाजाने' असा एक शब्द सांगून पुढच्या कलमाकडे जात होते. मला त्या मुलाचा फार अभिमान वाटला, आणि साहेब समोर नसते तर मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता.

साहेबांनाही पाठ आवडला असावा, कारण जाताना त्यांनी मुलाचा खांदा थोपटला. पण शेरा लिहायला बसल्यावर माणूस साहेब होतो. पाठ जिवंत झाला, असं त्यांनी लिहिलं. तथापि किल्ल्यांच्या संख्येबाबत बाईंनी दक्षता घेणे आवश्यक आहे, असंही लिहिलं. संस्थेच्या मंडळींनी 'जिवंत' सोडलं आणि 'तथापि' धरलं. मला कायम करायचं एक वर्ष पुढे गेलं. दुसऱ्या दिवशी मिर्झाराजांचे आजोबा दुकान सोडून शाळेत आले. मला वाटलं, विचारपूस करायला आले. ते म्हणाले, "बाई, आमचा नातू इतका कच्चा नाही. त्याला आणखी एकदा बसवून बघा." सहा किल्ले फुकट गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं.

मे महिन्यात मी धुळ्याला घरी गेले ती हरलेला माणूस जातो तशी. गच्चीवर आई ज्वारीच्या बिबड्या वाळत घालत होती. जळगावचं एक स्थळ आलेलं होतं, मुलगा बँकेत, माणसं चांगली. मुदत संपली होती आणि मी ती स्वतः कबूल केली होती. संध्याकाळी भाऊ बाजारातून आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "काय व्हयनं ते सांग." तेव्हा मी त्यांना निदान हसवावं म्हणून सगळा तह रंगवून सांगितला. 'सतरा'ला ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"कोना पोऱ्या शे तो?" त्यांनी डोळे पुसत विचारलं. "बाजारमा धाड त्याले."

मग मी साहेबांचा दुसरा प्रश्न सांगितला आणि मुलाचं उत्तर सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं. मी म्हटलं, "भाऊ, ती मुलं आता दहावीत जातील, मग अकरावीत. मला त्यांना मॅट्रिकपर्यंत न्यायचंय. मला नाही यायचं एवढ्यात."

दिवा लावायची वेळ झाली तरी भाऊ तसेच बसून राहिले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, गुडघ्यावर पसरलं आणि म्हणाले, "हात दे."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"दे ना."

मी हात उपरण्याखाली घातला. त्यांनी माझं एक बोट दाबलं. बाजाराची ती भाषा मला येत नव्हती, पण एक बोट म्हणजे एक वर्ष हे कोणालाही कळलं असतं. पाच म्हणून मी त्यांचा अख्खा पंजा धरला. भाऊंचा चेहरा कोराच. त्यांनी दोन बोटं दाबली. मी पुन्हा पंजा धरला. त्यांनी तीन दाबली, आणि मी घाईघाईनं मान हलवली.

गच्चीवरून उतरणाऱ्या आईनं विचारलं, "काय ठरनं?"

"पोरले इचार," भाऊ म्हणाले आणि उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी हवेत होते. एका अनुभवी अडत्याला मी एका वर्षावरून तीनवर आणलं होतं, तेही पहिल्याच बाजारात. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि समजेल असा माणूस एकच होता. मधल्या सुट्टीत महाराज दहावीच्या दारात पेरू खात उभे होते. मी त्याला सगळं सांगितलं, कोणाशी आणि कशाबद्दल ते मात्र सांगितलं नाही.

त्यानं जाणकारासारखा विचार केला. "बाई, समोरलाले घाई व्हती का?"

"नाही. उलट घाई मला होती."

"त्यानी हात कितीदा मागे घेतला?"

मी आठवून पाहिलं. "एकदाही नाही."

"मंग तुम्ही काही नही जितनात," तो पेरूचा चावा घेत म्हणाला. "त्याचं कोनीतरी अडकेल व्हई."

घंटा झाली. मुलं आत गेली, तोही गेला. मी दारातच उभी राहिले. वर्ग माझी वाट पाहत होता आणि मला डोळे पुसायला पदर सापडत नव्हता.